मकबूलभाईंचा डावा कोपरा

मकबूलभाई खरंच एवढे मोठे खेळाडू होते का, असं लोक मला अजूनही विचारतात. विचारणाऱ्यांना वाटतं, हिला नक्की माहीत असणार. एक तर मी किनारा संघाच्या मॅनेजरची बायको, आणि दुसरं म्हणजे फिजिओथेरपिस्ट. मकबूलभाईंना मी मैदानात पाहिलंय आणि क्लिनिकच्या टेबलावर पालथं पडलेलंही पाहिलंय. हो किंवा नाही, यांतलं काहीतरी एक सांगून मी मोकळं व्हावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी चहाचं विचारते आणि विषय बदलते.

मला कबड्डी आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाशिकला आमच्या शाळेत मुलींचा संघ होता आणि माझ्या पुढच्या दाताचा एक तुकडा त्या मैदानात आहे. त्यामुळे बहरीनला आल्यावर माझ्या नवऱ्याने, सुहासने, "दर शुक्रवारी आपली कबड्डी असते, तू फक्त फर्स्ट एडची पेटी घेऊन बस," असं सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. सुहास पुण्याचा, बँकेत नोकरी, आयुष्यात एकदाही चढाई केलेली नाही. पण मॅनेजर म्हणून त्याचा उत्साह असा, की खेळाडूंपेक्षा त्याचाच घसा आधी बसायचा. संघातले बहुतेक जण रायगड-रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, थोडे आमच्यासारखे. हमद टाउनमध्ये एका राउंडअबाउटच्या मागे, गोदामांना लागून कुंपण घातलेली वाळूची जागा होती. थंडी सुरू झाली की दुपारची नमाज आणि जेवणं उरकून सगळे तिथे जमायचे. समोर कधी तमिळ मुलांचा संघ, कधी पंजाब्यांचा, कधी घाटावरच्या पोरांचा.

पहिल्याच शुक्रवारी सुहास माझ्या कानाशी लागला.

"तो डाव्या कोपऱ्यातला उंच माणूस बघ. मकबूलभाई. त्यांच्या पकडीत एक माणूस गेला."

"गेला म्हणजे?"

"मेला. गावाकडे, म्हसळ्याच्या बाजूला. कैची मारली आणि त्याची मान मोडली. तेव्हापासून यांच्या कोपऱ्यात कुणी जात नाही."

"आणि पोलीस वगैरे?"

"अगं, खेळात झालं! खेळात झालेल्याला कोण काय करणार?"

हे तो इतक्या अभिमानाने सांगत होता, की त्या मेलेल्या माणसाचं थोडं श्रेय मॅनेजरलाही मिळावं. कैची म्हणजे आपल्या दोन्ही पायांत समोरच्याचे पाय अडकवून त्याला पिळून पाडायचं. नियमात ती बसत नाही, पण गावाकडच्या जुन्या मैदानांवर नियम कोण विचारत होतं.

मी नीट पाहिलं. माणूस पंचेचाळिशीचा. छाती सपाट, खांदे थोडे पडलेले, दाढी नीट कातरलेली. कंबरेच्या खाली मात्र वेगळाच माणूस लावल्यासारखा. वरून शाळामास्तर, खालून पैलवान. गुडघे वाकवून ते कोपऱ्यात उभे राहायचे आणि दोन्ही हात पुढे करायचे, तळवे उघडे, कुणी तान्हं मूल हातात देणार असल्यासारखे. ओरडणं नाही, मांडी थोपटणं नाही, डोळे वटारणं नाही. समोरचा चढाईपटू "कबड्डी कबड्डी" करत यायचा, त्याची नजर त्या तळव्यांवर पडायची आणि तो उजवीकडे वळायचा. उजवीकडे आमची चार पोरं दबा धरून बसलेली. तिथे तो सापडायचा. सामना संपला की सगळे येऊन मकबूलभाईंना मिठ्या मारायचे.

त्या दिवशी घरी जाताना मी सुहासला विचारलं, "तुझ्या हिरोने आज पकडलं कुणाला?"

तो थोडा वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "तुला खेळातलं काही कळत नाही."

कळत नसेल, पण डोळे होते. पूर्ण हिवाळा मी ते कुंपणाशी बसून पाहिलं. त्या कोपऱ्यातली वाळू सामना संपेपर्यंत तशीच सपाट राहायची, त्यांच्या दोन पावलांपुरती काय ती खणलेली. सगळ्या बहरीनमधला सगळ्यात नावाजलेला पकडपटू, आणि त्याने कुणाला धरलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं. हसू यायचं मला. भीतीही वाटायची, पण ती का, हे तेव्हा कळत नव्हतं.

त्यांची एक सवय होती. खिशात कायम नेलकटर. कबड्डीत सामन्याआधी पंच नखं तपासतात, आणि दर वेळी दोन-चार महाभाग वाढलेली नखं घेऊनच येतात. मग पंच म्हणायचे, "जा मकबूलकडे." मकबूलभाई वाळूत मांडी घालून बसायचे, तो मुलगा आपल्या संघाचा असो वा समोरच्या, त्याचा हात स्वतःच्या मांडीवर घ्यायचे आणि एकेक नख जपून कापायचे. कापलेली नखं रुमालात गोळा करायचे, वाळूत पडू द्यायचे नाहीत. "कुणाच्या पायात जायला नको," म्हणायचे. हात आखडलेला असला की हळू आवाजात सांगायचे, "ढिला सोड बाबा, ढिला सोड." मोठमोठ्या दंडांची ती पोरं दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखी बसून असायची. त्यांच्या डोक्यात एकच चालू असणार, की याच हातांनी... हे मायेपोटी की डावपेच म्हणून, मला पैजेवर सांगता आलं नसतं.

त्याच रांगेत मी विनायकला पहिल्यांदा पाहिलं. कोल्हापूरकडचा, चोवीस-पंचवीसचा, एका कंत्राटदाराकडे फॅब्रिकेशनचा सुपरवायझर. घाटावरच्या संघाचा नवा चढाईपटू. पायात स्प्रिंग बसवल्यासारखा उडायचा आणि तोंड तर अखंड चालू. पण नखं कापून घेताना गप्प. नंतर माझ्याकडे घोट्याला पट्टी बांधून घ्यायला आला तेव्हा इकडे तिकडे पाहत म्हणाला, "मॅडम, खरंच माणूस मेलाय व्हय ह्यांच्या हातनं?"

"मला काय माहीत? मी काय तिथे होते?"

"मी आईला फोनवर सांगिटलं आणि पस्तावलो. आता दर गुरुवारी फोन करती, उद्या त्या बाबाच्या वाटेला जाऊ नगंस म्हणून."

"मग ऐक की तिचं."

"ऐकतोयच की," तो म्हणाला आणि हसला. त्या सामन्यात तोही उजवीकडेच गेला आणि सापडला.

मकबूलभाई नोकरीला होते ते मनामाच्या बाजारात, बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत, दोरखंड, ताडपत्र्या आणि मासेमारीची जाळी विकणाऱ्या दुकानात. माझं क्लिनिक तिथून जवळ. कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी मी एकदा गेले, तेव्हा त्यांनी दोरी कापताना एक टोक पायाखाली दाबलं आणि उजव्या हाताने ओढून धरलं. डावा हात नुसता मांडीवर ठेवलेला. मी पैसे दिले आणि दोरी घेऊन निघाले. आमच्या धंद्यात असलं एकदा दिसलं की विसरता येत नाही. पुढच्याच आठवड्यात ते स्वतः क्लिनिकला आले. दुपारची वेळ, गर्दी नसलेली.

"वहिनी, सुहासभाईंना बोलणार नसाल तर दाखवतो."

पकडीची ताकद मोजायचं एक यंत्र असतं. डाव्या हाताने दाबायला सांगितलं. कपाळावरची शीर फुगेपर्यंत त्यांनी दाबलं आणि काटा जागचा जेमतेम हलला. माझ्या शेजारणीची मुलगी त्याहून जास्त दाबते. उजवा हात बरा, पण बेताचाच. मानेत नस दबलेली होती, आणि ती काल-परवाची नव्हती.

"मकबूलभाई, या हाताने तुम्ही भरलेली बादली उचलू शकत नाही. पकड कसली करता?"

"करतच नाय ना," ते म्हणाले. "कोण येतो पकडायला?"

मग ते टेबलाच्या कडेला बसून बोलले. एवढं एका दमात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. ज्याच्या मरणाची गोष्ट साऱ्या बहरीनभर झाली होती, तो अंकुश नावाचा माणूस ठणठणीत जिवंत होता. म्हसळ्याला त्याचं पंक्चरचं दुकान होतं. कैची खरी. तो पडला, गळ्याचं हाड मोडलं, थोडा वेळ शुद्धही नव्हती. मग उठून बसला आणि पाणी मागितलं. पुढे बहरीनला आल्यावर गावचाच कुणीतरी गमतीत म्हणाला, की याने माणूस मारलाय. ते एकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि वाढत गेलं.

"मी कधी सांगितलं नाय वहिनी, कसम. फक्त कुणी विचारलं तर नाय असं बोललो नाय."

"पण का? गंमत वाटते लोक घाबरतात त्याची?"

त्यांनी ते यंत्र बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "इतकी वर्सं खेळतोय इथे. माझ्या हातनं कुणाला खरचटलंसुद्धा नाय. ती गोष्ट आहे म्हणून. लोक लांबनं जातात, मी उभा राहतो, संघ जिंकतो. कुणाचं काय बिघडलं?"

मला हसू आलं. म्हटलं, "मग आता खेळणं सोडा. नाव आहे तोवर सोडा. हात तर गेलेच आहेत."

"हात गेले," ते म्हणाले. स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. "पाय आहेत. त्याचीच भीती वाटते."

मी विचारलं, भीती कसली. त्यांनी चपला घातल्या. "हा सीझन. मग खलास, इंशाल्ला," एवढंच बोलून गेले.

आता सुहासचं डोकं. संघाने त्या वर्षी बरेच सामने जिंकले होते आणि सीझनचे दोनच शुक्रवार उरले होते. त्याने ठरवलं की मकबूलभाईंचा सत्कार करायचा. आपल्या लोकांना कुठेही नेऊन ठेवा, शाल-श्रीफळाशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, का? कारण मला सांगता येत नव्हतं, पेशंटचं गुपित होतं. मी म्हटलं, त्यांना आवडायचं नाही. सुहास म्हणाला, सत्कार न आवडणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. मकबूलभाईंनीही दोनदा नको म्हटलं, तो त्याला विनय वाटला.

मनामातल्या एका हॉटेलचा वरचा हॉल घेतला. सगळ्या संघांना बोलावलं. बिर्याणी, आमच्यासारख्यांना पुलाव. भाषणांत तीन वक्त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी त्या मेलेल्या माणसाचा उल्लेख केला, एकाने तर दोन मिनिटं शांतता... नाही, तेवढं राहिलं, पण आवाज तसाच लावला होता. मकबूलभाई शाल पांघरून मान खाली घालून बसले होते. शमीमभाभी, त्यांची बायको, माझ्या शेजारी होती. ही बाई दर शुक्रवारी मैदानावर यायची, सगळ्यांसाठी डब्यात भजी आणायची, आणि बसायची मात्र मैदानाकडे पाठ करून. मी एकदा थट्टेत विचारलं होतं, नवऱ्याचा खेळ बघवत नाही का. ती म्हणाली होती, "बघितलाय एकदा."

शेवटी सुहासने सरप्राइज जाहीर केलं. मकबूलभाईंच्या गावच्या मंडळाला त्याने फोन करून जुन्या सवंगड्यांच्या शुभेच्छा मागवल्या होत्या. व्हिडिओ त्याच संध्याकाळी आला होता, त्याने स्वतःही पाहिला नव्हता. पडद्यावर आधी मंडळाचे अध्यक्ष आले, मग कुणी गुरुजी. मग टायरांच्या चळतीसमोर उभा असलेला एक जाडगेला हसरा माणूस.

"काय रे मकबूल! वळखलंस का? अरे, अंकुश मी! तू पाडलेला!" त्याने सदऱ्याची गुंडी काढून गळ्याचं हाड कॅमेऱ्याजवळ आणलं. "हे बघ, अजून वाकडंच आहे. थंडीत ठणकतं बघ. ठणकलं की तुझी याद येते. ये एकदा गावाला, आंबे खायला ये!"

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा हॉल हसत सुटला. तमिळ मुलांना कुणीतरी हिंदीतून समजावून सांगितलं, "अरे, मुर्दा बोल रहा है," आणि मग तेही हसले. द्वेष नव्हता त्या हसण्यात. वर्षानुवर्षं बाळगलेली भीती एका क्षणात उतरली होती, त्याचंच हसू होतं. सगळ्यात मोठ्याने विनायक हसत होता. "माझी झोप उडाली होती की ओ चाचा!" म्हणत त्याने पुढे येऊन मकबूलभाईंच्या खांद्याला हात घातला. मकबूलभाईही हसले. मी त्यांच्याकडे पाहत होते. फक्त ओठ हसत होते.

सुहासचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. माझ्या शेजारी शमीमभाभी हसत नव्हती. तिने माझा हात धरला होता.

पुढच्या शुक्रवारी घाटावरच्या संघाशी सामना. मी मकबूलभाईंना बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं, आज खेळू नका. मान दुखतेय म्हणा, माझं नाव सांगा. ते म्हणाले, "आज बसलो तर लोक काय बोलतील? खोटा होता म्हणून पळाला." मी म्हटलं, बोलू देत. त्यांनी मान हलवली आणि आपली जागा घेतली. सुहासला मी गाठलं. तोही म्हणाला, आज त्यांना बसवलं तर माणूस मोडून जाईल, अगं. आपल्या परीने त्याला दयाच वाटत होती.

सामना सुरू झाला आणि सगळे जण डाव्या कोपऱ्यात जायला लागले.

मुद्दाम. पहिला गेला, पाय लावून आला. दुसरा गेला, हाताला हात लावून आला. ती सपाट वाळू बघता बघता उखणली गेली. मकबूलभाई झेप घ्यायचे, घोट्यावर हात पडायचा आणि सुटायचा. ओल्या साबणासारखा पाय निसटायचा त्यांच्या बोटांतून. बघणाऱ्यांतून शिट्ट्या येऊ लागल्या. कुणीतरी ओरडलं, "चाचा, पंक्चर काढायला जा!" आमची पोरंही आधी चिडली आणि मग तीही चोरून हसायला लागली. मकबूलभाई दर वेळी उठायचे, गुडघ्याची वाळू झटकायचे, बाद होऊन बाहेर बसायचे आणि जिवंत झाले की परत जागेवर जायचे. तळवे उघडे. हळूहळू त्यांच्या तोंडावरचं ते ओठांपुरतं हसूही गेलं, आणि त्या जागी जे आलं त्याला मला नाव देता येत नाही. राग म्हटला तर राग नव्हता. ते मैदानात होते आणि नव्हतेही.

शमीमभाभी पाठ करून बसली होती. भज्यांचा डबा बंद होता. हसण्याचे आवाज वाढले तशी ती, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "अंकुश उठला हे खरं आहे. पण त्याला ह्यांनी सोडला नव्हता."

"म्हणजे?"

"शिटी वाजली. अंकुश ओरडत होता. सगळा गाव ओरडत होता, सोड, सोड. ह्यांना ऐकूच येत नव्हतं. चार माणसांनी पाय ओढून काढले. नंतर विचारलं तर बोलले, मला काय झालं म्हाईत नाय. नवीन लगीन झालं होतं माझं. मी बघितलं, वहिनी."

तेव्हा मला कळलं, की क्लिनिकमध्ये त्यांना भीती कशाची वाटत होती. इतकी वर्षं ती खोटी गोष्ट दुसऱ्यांना त्यांच्यापासून लांब ठेवत होती. आणि आमच्या शहाण्यांनी टाळ्या वाजवत, बिर्याणी खात ती मोडून टाकली होती. मी उठले. "सुहास, सामना थांबव," मी ओरडले, आणि माझा आवाज त्या शिट्ट्यांत गेला.

विनायक चढाईला आला होता.

तो हसत होता. तो दुष्ट मुलगा नव्हता, हे मला लिहून ठेवायचं आहे. कोपऱ्यात शिरला, मकबूलभाईंचा हात चुकवला आणि त्यांच्या डोक्यावर हलकेच टपली मारली, आपण घरातल्या म्हाताऱ्याला लाडाने मारतो तशी. गुण झाल्यातच जमा होता. सरळ मागे पळायचं, तर तो बघणाऱ्यांकडे वळला, दोन्ही हात वर केले आणि तिथेच उड्या मारत "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहिला. मकबूलभाई त्याच्या घोट्यावर पडले. बोटं सुटली. ते पाठीवर कलंडले. आणि मग त्यांचे पाय आले.

मी त्यांचं शरीर तपासलेलं होतं. त्या पायांत काय आहे ते मला ठाऊक होतं. विनायकचे गुडघे त्या कात्रीत सापडले आणि तो तोंडावर, हात टेकायलाही न मिळता, कोसळला. मान छातीखाली दुमडली गेली. पंचांची शिटी वाजली. मकबूलभाईंनी पाय आवळले आणि कूस बदलली, त्याला घेऊन. परत शिटी. विनायक ओरडला नाही. अंकुश ओरडला होता, हा नाही. मी धावत होते, "हलवू नका, हलवू नका," म्हणत होते. आमची चार पोरं त्यांच्या पायांना झोंबत होती, सुहास त्यांच्या कानाशी किंचाळत होता, आणि मकबूलभाईंचे डोळे उघडे, वर आभाळाकडे, पूर्ण शांत. शेवटी शमीमभाभी आली. पहिल्यांदाच मैदानात पाऊल टाकलं तिने. खाली बसून त्यांच्या चेहऱ्यावर ओंजळभर पाणी मारलं आणि म्हणाली, "झालं. संपलं. घरी चला." पाय सुटले.

पडण्याने झालं की नंतरच्या पिळण्याने, हे मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मानेच्या मणक्यात इजा होती आणि छातीखाली काहीच हलत नव्हतं. पोलीस हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा विनायक शुद्धीवर होता. त्याने सांगितलं, खेळात झालं, माझीच चूक, मी उभा राहिलो. जबाब घेऊन ते निघून गेले. किनारा संघ त्या दिवशी मोडला. सुहास आता कबड्डीचं नावही काढत नाही, पण बाकीचे काढतात. कालपरवा सूकमध्ये, इथल्या जुन्या बाजारात, दोन अनोळखी माणसं बोलताना ऐकली. अरे, तो मकबूल. मी सांगत नव्हतो का? तो व्हिडिओ वगैरे सब झूठ होता, खोटा माणूस उभा केला होता. याने याआधीही मारलाय.

तर असं आहे. मोठे खेळाडू होते का? त्यांच्या नावाला साजेसं त्यांच्या हातून एकदाच घडलं. लोकांना तेवढं पुरतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विनायकला कोल्हापूरला पाठवायच्या आदल्या दिवशी, हॉस्पिटलमध्ये. दरम्यानच्या काळात ते रोज दुकानातून सुटून तिथे जायचे हे मला नर्सकडून कळलं होतं. एकदा मला फोनही केला होता, "वहिनी, न हलणाऱ्या पायांना काय व्यायाम देतात ते शिकवा." मी शिकवलं. रागावले होते मी त्यांच्यावर, अजूनही आहे, पण शिकवलं.

त्या दुपारी मी दारातच थांबले. विनायकची आई गावाहून येऊ शकली नव्हती, उशाशी फोन उभा करून ठेवला होता आणि त्यात ती दिसत होती, पदर तोंडाला लावून. पायाशी मकबूलभाई. मी दाखवलं होतं तसंच त्यांनी टाच तळहातात घेतली होती, गुडघा वाकवत होते, सरळ करत होते. डाव्या हातातून टाच निसटली की परत धरत होते. दर वेळी पाय सरळ झाला की ते विचारायचे, "लागतंय का बाबा?"

"नाही चाचा."

परत वाकवला, परत सरळ केला. "आता? आता लागतंय का?"

विनायक छताकडे बघत होता. "जोरात दाबा की," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही सुरूच केलं नाही अजून."

फोनमधून आईने विचारलं, "काय म्हणतोय रे तो? कोण आहे तिथं?" मकबूलभाईंनी दोन्ही हातांनी तो पाय धरला आणि सगळा जोर लावून दाबायला लागले.